ऐरण आहे, लोहार कुठाय?

मुलांची पुस्तकं हा आपल्याकडे टीकेचा विषय होत नाही. कवितेवर आपण रात्र रात्र भांडतो. १९७८ साली 'बलुतं' आलं, तेव्हापासून आत्मकथनांवरचे परिसंवाद संपलेले नाहीत. पण पहिलीतलं पोरगं जे पुस्तक पहिल्यांदा हातात धरतं, ज्यातलं चित्र बघून अक्षर ओळखायला शिकतं, त्याची समीक्षा कुणी करायची? ते मास्तरांचं काम, नाहीतर पुण्यामुंबईच्या बालसाहित्यवाल्यांचं, असं म्हणून विषय बाजूला पडतो. कादंबरीतल्या एका शब्दावरून पेटणारी माणसं घरातल्या भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्याकडे रोज बघतात आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही.

त्या तक्त्यापासून सुरुवात करून मला नव्या चित्रपुस्तकांपर्यंत यायचं आहे. प्रश्न दोनच. आपल्या वस्तीतल्या, नुकत्या वाचायला लागलेल्या पोरांसाठी पुस्तकं निवडायची कशी? आणि ती निवडायची कुणी?

*

आधी वाचन शिकायची रीत बघू. तक्त्यावर चित्र असतं. पोरगं चित्र बघतं, वस्तूचं नाव घेतं, नावातला पहिला आवाज पकडतं आणि तो आवाज शेजारच्या अक्षराला लावतं. चित्र म्हणजे खुंटा, अक्षराचं दावं त्याला बांधायचं. आता खुंटाच ढिला असेल तर? 'इ'पुढे इमारत काढलेली. पोरगं म्हणतं, बिल्डिंग. 'ई'पुढे ईडलिंबू. पोरगं म्हणतं, लिंबू. 'उ'पुढे उखळ. ज्यानं उखळ बघितलंच नाही ते म्हणतं, डबा. 'ए'पुढे एडका, ते म्हणतं बकरा. दर वेळी त्याला सांगितलं जातं, चुकलं. खरं म्हणजे पोरानं चित्र बरोबर वाचलेलं असतं. पण दोनचारदा 'चुकलं' ऐकलं की ते चित्राकडे बघायचंच सोडतं आणि 'इ इमारतीचा, ई ईडलिंबाचा' असं घोकायला लागतं. डोळे मिटून म्हणता येतं ते वाचन कसलं? ते पाठांतर. अर्थाशी संबंध न ठेवता तोंडानं म्हणायची विद्या या देशात कुणाच्या मालकीची होती, ते इथं सांगायला नको.

हे नुकसान सगळ्याच पोरांचं होतं. पण ज्याच्या घरात आई-बाप रात्री पुस्तक घेऊन बसतात, त्याचं घरी भरून निघतं. ज्या घरात शाळा शिकणारं पहिलं माणूस म्हणजे ते पोरगंच, त्याला तक्त्याशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून तक्त्यावर काय काढलंय हा प्रश्न आपल्याला जास्त लागतो.

जुन्या वळणाची अंकलिपी घ्या. जत्रेत, बाजारात, स्टेशनरीच्या दुकानात कुठंही मिळते. छापणारा बदलला की चारदोन शब्द बदलतात, साचा तोच. ऐ ऐरणीचा आहे. औ औताचा आहे. उ उखळाचा, ख खटाऱ्याचा, न नळाचा. वरवर बघितलं तर कष्टाची हत्यारं भरपूर. वाटावं, ही आपल्याच माणसांची यादी. पण नीट बघा. ऐरण आहे, घण घालणारा लोहार नाही. औत आहे, रुमणं धरलेला हात नाही. खटारा उभा आहे, हाकणारा गायब. नळ आहे, नळाला पाणी आहे, पण रांग नाही, हंडे नाहीत, भांडण नाही. सगळी हत्यारं आपापली पडलेली. जणू काम आपसूक होतं.

आता माणसं शोधा. आई आहे, बाळ आहे. ती सगळ्यांचीच. त्यापुढे कामावरून, धंद्यावरून ओळखायचा माणूस कोण? ऋ ऋषीचा. भ भटजीचा. क्ष क्षत्रियाचा. भटजीची शेंडी, जानवं, उपरणं, सगळं तपशिलानं काढलेलं. क्षत्रियाच्या हातात तलवार, डोक्यावर मुकुट. म्हणजे चित्रकाराला माणूस काढता येत नव्हता असं नाही. वरच्या वर्णांना चेहरा मिळाला आणि बाकीच्यांची नुसती अवजारं उरली. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली. अंकलिपी अजून भिंतीवर आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? छापणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. मान्य. त्यानं मनात आलेला पहिला शब्द छापला. पण मनात पहिल्यांदा कोणता शब्द येतो, त्यालाच तर आपण संस्कार म्हणतो. आणि मनातल्या या पहिल्या शब्दानं शिकवण्याचीही नासाडी केली आहे. 'य' शिकवायला यज्ञ घेतला. म्हणजे 'य' ओळखायचा तर आधी 'ज्ञ' वाचता आला पाहिजे, आणि 'ज्ञ' तर सगळ्यांच्या शेवटी येतो. 'क्ष' शिकवायला क्षत्रिय घेतला, त्यात 'त्र' हे आणखी एक जोडाक्षर. शिकणाऱ्याची सोय बघून हे शब्द निवडलेले नाहीत. नुसत्या अध्यापनाच्या कसोटीवर घासले तरी ते नापास होतात.

पर्याय नाहीत म्हणावं तर तसंही नाही. 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. तिथं अक्षर शब्दाच्या शेवटी येतं आणि कुणाची तक्रार नाही. मग 'क्ष शिक्षकाचा' का नको? 'ज्ञ प्रज्ञाचा' का नको? प्रज्ञा नावाची एक तरी पोरगी आपल्या प्रत्येक वस्तीत सापडते, वर्गात तिच्याकडे बोट दाखवता येतं. 'भ भाकरीचा' म्हटलं तर शिकवण्यात काय बिघडतं? तांड्यावरच्या शाळेत 'य याडीचा' म्हणा. गोरमाटीत याडी म्हणजे आई. त्या पोरानं यज्ञ बघितला नसेल, याडी बघितलेली आहे.

आपल्यातल्या काहींनी 'ब बुद्धाचा, भ भीमाचा' असे तक्ते काढले. त्यांची तळमळ मला कळते. बाबासाहेबांचा फोटो ओळखत नाही असं आपल्यात पोरगं नाही, म्हणून खुंटा म्हणून ते चित्र पक्कं आहे. पण पुढं प्रत्येक अक्षराला एक वंदनीय नाव, एक पवित्र स्थळ, एक मोठा शब्द आणला की तीच चूक होते. 'श शीलाचा' याचं चित्र कसं काढणार? 'क करुणेचा' सहा वर्षांच्या पोराला दाखवणार कसा? बोट ठेवता येत नाही अशा शब्दाला पोरगं पुन्हा घोकायलाच लागतं. देव्हाऱ्यातली मूर्ती बदलली, घंटा तीच राहिली. बाबासाहेबांना हे चाललं नसतं.

*

चित्रातून वाचायला शिकवण्याची दुसरी एक रीत आहे. तिचा जन्म आपल्यासारख्याच माणसांत झाला, म्हणून ती सांगतो. ब्राझीलमधल्या आंजिकोस गावात १९६३ साली पाउलो फ्रेरी यांनी तीनशेच्या आसपास मजुरांना चाळीस तासांच्या अभ्यासक्रमात लिहा-वाचायला शिकवलं. ते आधी पुस्तक उघडत नसत. आधी वस्तीत जाऊन लोक बोलतात ते शब्द गोळा करायचे. मग त्यातल्या एका शब्दाचं चित्र दाखवायचं, त्यावर माणसांना बोलू द्यायचं, आणि मग शब्द. त्यांचा एक गाजलेला शब्द होता 'तिजोलो', म्हणजे वीट. विटा बनवणारे, रचणारे मजूर चित्रात. वीट कोण बनवतं, घर कुणाचं होतं, बोलणं तिथपर्यंत जायचं. मग 'तिजोलो'चे तुकडे पाडून त, ते, ति, तो, तु आणि ज, जे, जि, जो, जु. ही तर आपली बाराखडी! फरक एवढाच की आपल्याकडे बाराखडी आधी येते आणि वीट येतच नाही. १९६४ साली लष्करानं सत्ता बळकावल्यावर फ्रेरींना तुरुंगात टाकलं, पुढं देश सोडावा लागला. अक्षरओळखीचा तक्ता राज्यकर्त्यांना किती झोंबू शकतो, ते यावरून कळावं.

त्यांच्या चित्रात विटेबरोबर माणूस होता. निवडीची पहिली कसोटी मला इथंच मिळते : चित्रात वस्तू आहे, तर ती वापरणारा हात आहे का?

*

आता गोष्टींच्या पुस्तकांकडे येऊ. दिल्लीत १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट निघाला, त्याच साली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट. १९६७ मध्ये पुण्यात बालभारती, १९७१ मध्ये 'किशोर' मासिक. पुढं पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं, चेन्नईच्या तूलिकानं, २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सनं लहानग्यांसाठी मराठीत चांगली चित्रपुस्तकं दिली. हे नाकारण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांपूर्वी मराठी पोरासमोर होतं त्याच्यापेक्षा आज पुष्कळ जास्त आणि पुष्कळ चांगलं आहे.

माधुरी पुरंदरे यांचं 'बाबांच्या मिश्या' घ्या. चित्रं आणि मजकूर दोन्ही त्यांचे. बापाच्या मिशांची भुरळ पडलेली एक मुलगी दिसेल त्याला मिश्या काढत सुटते. पुरंदरेबाईंची रेघ जिवंत आहे, भाषा घरातली आहे, उपदेश औषधालाही नाही. पहिल्या वाचनासाठी असं पुस्तक उत्तमच. पोरं खदखदा हसतात. मीही ते निवडीन.

पण तेच पुस्तक आपल्या वस्तीत उघडलं की दुसरंही काही वाचलं जातं. २०१७ साली गुजरातमध्ये गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात दलित पोरांना मिशा ठेवल्या म्हणून मारहाण झाली, आणि त्यावर शेकडो तरुणांनी आपल्या मिशांचे फोटो लावून उत्तर दिलं. ही बातमी ज्या घरात बोलली गेली, त्या घरातल्या बापाची मिशी नुसती गंमत राहत नाही. हा पुस्तकाचा दोष आहे का? नाही. लेखिकेनं आपलं घर काढलं, प्रामाणिकपणे काढलं. दोष आहे तो मराठी चित्रपुस्तकांत पुन्हा पुन्हा एकच घर दिसण्याचा. खिडकीला पडदा, टेबलावर फळांची टोपली, आरामखुर्चीत पेपर वाचणारे आजोबा, कामाला येणाऱ्या मावशी. यातल्या मावशी आपल्या. त्या दारातून येतात, भांडी घासतात, गोष्टीतून निघून जातात. त्या घरी गेल्यावर काय होतं, त्यांचं पोरगं काय खेळतं, ते पुढच्या पानावर नसतं.

रंगाचंही तसंच. गोष्टीतलं मध्यवर्ती पोरगं गुलाबी. काळंसावळं कोण, तर चोर, राक्षस, नाहीतर गरीब बिचारा. अमेरिकेत क्रेयोला कंपनीनं आपल्या एका खडूचं 'फ्लेश', म्हणजे कातडीचा रंग, हे नाव १९६२ साली बदलून 'पीच' केलं. आपल्याकडे अजून पोरं गुलाबी खडूला 'स्किन कलर' म्हणतात आणि काळ्या हातानं तो मागतात.

*

मग आपल्यावरची पुस्तकं? तीही आहेत. अमर चित्रकथेनं १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला. नवयानाचं 'भीमायन' २०११ चं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं. त्याआधी २००७ मध्ये कांचा इलैया यांचं कुंभार, चांभार, धोबी, न्हावी, विणकर यांच्या कामाची प्रतिष्ठा सांगणारं पुस्तक आलं, त्याची चित्रंही दुर्गाबाईंचीच. अंकलिपीतून हरवलेला लोहाराचा हात या पुस्तकांनी परत आणला, असं मी म्हणेन. २००८ मध्ये हैदराबादच्या अन्वेषी या गटानं दलित, मुस्लिम, कष्टकरी घरांतल्या मुलांच्या गोष्टींची मालिका काढली, त्यात गोगु श्यामलांच्या गोष्टी आहेत. पण ही बहुतेक पुस्तकं दहा-बारा वर्षांच्या पुढच्या वाचकांची. नुकतं 'घर', 'नळ' वाचायला लागलेल्या पोराच्या हातात ती देता येत नाहीत.

लहानांसाठी आहे ते फार थोडं, आणि त्यात एक खोड दिसते. आपलं पोरगं पुस्तकात आलं की तहानलेलं येतं. त्याला पाणी मिळत नाही, त्याला वर्गाबाहेर बसवतात, त्याला चिडवतात. बाबासाहेबांच्या बालपणावरची पुस्तकं घ्या. शिपाई नसला की पाणी नाही, हा प्रसंग सगळीकडे. प्रसंग खरा आहे, बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलाय, आणि पोरांना तो कळलाच पाहिजे. सागर कोलवणकर यांच्या 'माय नेम इज गुलाब' या इंग्रजी चित्रपुस्तकात गटार साफ करणाऱ्या बापाची मुलगी आहे. वर्गातली पोरं तिला चिडवतात आणि ती विज्ञान प्रदर्शनासाठी सफाईचं यंत्र बनवते. गटारात उतरणाऱ्या माणसाची मुलगी चित्रपुस्तकाची नायिका होते, ही मोठी गोष्ट. तरी एक प्रश्न उरतो. माणसाला गटारात उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ सालीच झालाय. ती बंदी मोडणाऱ्या ठेकेदाराची जबाबदारी आठ-दहा वर्षांच्या पोरीनं का उचलायची? छळ सोसणाऱ्यानंच हुशारी दाखवून छळ संपवायचा, ही मांडणी वाचणाऱ्याला फार सोयीची आहे.

आणि समजा ही सगळी पुस्तकं निर्दोष असती, तरी पोरानं दर वेळी स्वतःला पुस्तकात बघावं ते रडतानाच का?

*

आपल्या आधी हा प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या माणसांना पडला. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तकं त्यांनी तपासली. त्यांतल्या ६.७ टक्के पुस्तकांत एखादा तरी काळा माणूस होता. आणि आजच्या अमेरिकेत जगणारा काळा माणूस एक टक्क्याहूनही कमी पुस्तकांत. एका पाच वर्षांच्या काळ्या पोरीनं विचारलं होतं की पुस्तकातली मुलं कायम गोरीच का असतात. तिथून तो लेख सुरू होतो. आपल्याकडे असं मोजायला कुणी बसलं तर काय आकडा येईल?

त्याच्याही आधी, जानेवारी १९२० मध्ये, डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस आणि जेसी फॉसेट यांनी काळ्या मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' हे मासिक सुरू केलं. ३१ जानेवारी १९२० ला इकडे 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. एकाच महिन्यात दोन देशांत दोन पत्रं. पुढं १९४६ साली बाबासाहेबांनी ड्युबॉइसना पत्र लिहिलं, हे आपल्याला माहीत असतं. पण ड्युबॉइसनी मोठ्यांच्या लढ्याच्या ऐन धामधुमीत लहान पोरांसाठी चोवीस अंक काढले, हे आपण सांगत नाही. आपल्याकडे १९७२ ला पँथर झाली, तिचं नावही तिकडून आलं. नाव आणलं, पोरांचं मासिक आणायचं राहिलं.

त्या वाङ्मयातलं एक पुस्तक इथं उपयोगी आहे. एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे', १९६२ चं. पीटर नावाचं काळं पोरगं लाल कपडे घालून बर्फात खेळतं. बस्स. कुणी त्याला मारत नाही, कुणी त्याच्यावर दया करत नाही. ते काळं आहे हे चित्रात दिसतं, मजकुरात एका शब्दानं येत नाही. लिहिणारा स्वतः काळा नव्हता, त्यावर तिकडे पुष्कळ वाद झाले. पण काळ्या पोराला नुसतं खेळायचा हक्क त्या पुस्तकानं दिला.

इथं आपली अडचण सुरू होते. पीटरचा रंग चित्रात दिसतो. जात कातडीवर दिसत नाही. मग तहान, मार, अपमान यांतलं काही न दाखवता पोरगं आपलं आहे हे चित्रात आणायचं कसं? नावाआडनावानं? चित्राला आडनाव नसतं. काही शहाणे म्हणतात, आणायचंच कशाला, पोरगं ते पोरगं. पण जात काढली नाही की मराठी चित्रात आपोआप त्या पडदेवाल्या घरातलंच पोरगं तयार होतं. कोरी जागा इथं कोरी राहत नाही.

माझं उत्तर असं आहे. चित्राच्या मागच्या भिंतीकडे बघा. समजा गोष्ट आहे हरवलेल्या चपलेची. एक चप्पल सापडते, दुसरी सापडत नाही, पोरगी सगळं घर धुंडाळते. गोष्टीत जातीचा शब्द नाही. पण ती खाटेखाली वाकते तेव्हा मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, शेजारी बुद्धाचं कॅलेंडर. आजी पांढरं लुगडं नेसून विहारात निघालीय. दारात आलेला काका 'जय भीम' म्हणतो. गल्लीत चौदा एप्रिलच्या निळ्या पताका अजून लटकतायत. पोरीचं नाव प्रज्ञा. आपल्या पोराला ते घर एका नजरेत ओळखू येईल. दुसऱ्या पोराला ते दुसरं एक घर म्हणून दिसेल, जसं आपल्याला आजवर त्यांचं दिसत आलं. गणपतीची मूर्ती कितीतरी पुस्तकांत कोपऱ्यात बसलेली असते, तिच्यावर कुणी धडा लिहीत नाही. आपल्या फोटोलाही तशी नुसती भिंतीवर जागा मिळाली पाहिजे. माझ्या मते ही निवडीची दुसरी कसोटी : आपलं पोरगं या पुस्तकात नुसतं राहतं का, की दर वेळी काही सिद्ध करायला आलेलं असतं?

याचा अर्थ पोरांना फक्त वस्तीच दाखवा असा कुणी घेऊ नये. मगर हवी, शहामृग हवा, जहाज हवं. ज्यानं समुद्र बघितला नाही त्याला तर आधी हवा. मात्र शहामृगाचं नाव शिकताना त्याच्याजवळ स्वतःच्या घराचंही एखादं पान असावं.

*

भाषेबद्दल थोडक्यात. पोरगं 'पानी' म्हणतं, पुस्तक 'पाणी' म्हणतं. शाळेत पहिल्या दिवसापासून त्याच्या तोंडातला 'न' हा गुन्हा ठरतो. वाचन शिकताना दोन कामं एकदम गळ्यात पडतात, अक्षर ओळखायचं आणि आईची भाषा सोडायची. दुसरं काम पहिल्या वर्षी टाळता येतं. 'पाणी' लिहिलंय तिथं पोरानं 'पानी' वाचलं तर त्यानं बरोबर वाचलं, कारण अर्थ लागला. प्रमाण बोली तिसरी-चौथीत येईलच, कुठं जात नाही. २०१५ पासून प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर हजारो चित्रपुस्तकं फुकट आहेत. ती उतरवून घ्यायला, छापायला आणि आपल्या बोलीत फिरवून पुन्हा टाकायलाही परवानगी आहे. आपल्यातल्या चार लिहित्यांनी बसून वऱ्हाडी, अहिराणी, गोरमाटी, पारधी बोलीत वीस पुस्तकं केली, तर परिसंवादापेक्षा जास्त काम होईल.

आता पुस्तक हातात घेतल्यावर बघायच्या साध्या गोष्टी. अक्षर मोठं आहे का, दोन शब्दांत जागा मोकळी आहे का. पानावर एक-दोन ओळी असाव्यात, आणि त्या गडद चित्रावर छापलेल्या नसाव्यात. जोडाक्षरं किती आहेत ते मोजा. एका पानावर तीन-चार असली तर पुस्तक पहिलीचं नाही, वर काहीही छापलेलं असो. एखादी ओळ, एखादा शब्द पुन्हा पुन्हा येतो का? येत असेल तर चौथ्या पानावर पोरगं ती ओळ स्वतः म्हणतं आणि त्याला वाटतं, मला वाचता येतं. ते वाटणं फार मोलाचं. मजकूर झाकून नुसती चित्रं उलटा. गोष्ट कळली पाहिजे. शेवटच्या पानावर तात्पर्य असेल तर पुस्तक परत ठेवा.

*

सगळ्यात मोठा प्रश्न निवडणाऱ्याचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, गोष्टीची पुस्तकं हवीत, असं लिहिलंय. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदान ठरलं. पैसा थोडा आहे, पण आहे. तरी पुष्कळ ठिकाणी पुस्तकं वरून ठरलेल्या यादीनं गठ्ठ्यात येतात, नोंदवहीत चढतात आणि कपाटात बंद होतात. का, तर पोरं फाडतील. फाटलेलं पुस्तक वाचलं गेलेलं असतं. कोऱ्या पुस्तकाबद्दल मास्तरांना जाब विचारला पाहिजे, फाटक्याबद्दल नाही.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात मराठी शाळांतली पुस्तकं व्यवहाराच्या उपयोगाची नाहीत, ती तपासून नव्यानं करायला हवीत, असं सांगितलं होतं. तेव्हापासून पुस्तकं तपासायला माणसं बसली ती शिकलेली, पदवीवाली. नाइलाज होता, वाचता येणाऱ्यानंच पुस्तक तपासायचं. पण चित्रपुस्तकाची गोष्ट वेगळी आहे. चित्र वाचायला अक्षर लागत नाही. ज्या आईला सही येत नाही, ती चित्र बघून सांगू शकते की ही चूल अशी पेटत नाही, हा हंडा असा कुणी धरत नाही, ही बाई आपल्यातली नाही आणि या पोराला पायात काही का नाही. एवढी कडक समीक्षा कुठल्याही विद्यापीठात मिळणार नाही.

तेव्हा सूचना करतो. ज्यांच्या विहारात, समाजमंदिरात, शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसं आहेत, त्यांनी पुस्तकं घ्यायच्या आधी महिन्यातली एक संध्याकाळ काढावी. दहा-पंधरा पुस्तकं चटईवर पसरावीत. बायांना बोलवावं, शेतावरून आलेल्या, धुण्याभांड्याची कामं उरकून आलेल्या. पोरांना सोबत बसवावं. कुणीतरी मजकूर मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी चित्र बघून बोलावं. ज्या पुस्तकाभोवती पोरं दुसऱ्यांदा गोळा होतात ते घ्यावं. ज्याच्यावर बाया हसतात, ते का हसल्या ते विचारून मग ठरवावं. आणि त्या जे बोलल्या ते वहीत लिहून ठेवावं. घरातल्या भिंतीवरचा तक्ता त्याच वहीतून नव्यानं काढता येईल. त्यात ऐरणीशेजारी लोहार असेल, आणि नळापुढे रांग.